वाचण्याजोगा डेटा : टेक्स्ट एडिटरमध्ये स्क्रिप्ट जोडण्याचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा इतिहासाचा विषय कसा? टेक्स्ट एडिटरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट जोडायची आणि तिच्याकडून डेटा नीट मांडून घ्यायचा, हे तर दहा मिनिटांचं काम. खरंय, आज ते दहा मिनिटांचंच आहे. पण ते दहा मिनिटांचं व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि त्या पन्नास वर्षांत एका प्रश्नावर सतत रस्सीखेच चालली होती. प्रश्न असा, की आपण रोज वापरतो ते साधन बदलायचा हक्क कुणाचा? बनवणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? आज मी तुम्हाला मुख्यतः त्या प्रश्नाची गोष्ट सांगणार आहे.

आधी काम काय आहे ते बघू. पडद्यावर ही एक ओळ आहे :

{"जिल्हा":"पुणे","तालुके":["हवेली","मुळशी","मावळ"]}

याला जेसन म्हणतात. महिरपी कंसात नाव आणि किंमत यांच्या जोड्या, चौकटी कंसात यादी. संगणकाला ही ओळ उत्तम वाचता येते. आपल्यालाही येते, कारण ती लहान आहे. पण हीच ओळ चाळीस हजार अक्षरांची झाली, तर कुठला कंस कुठे बंद झाला हे डोळ्यांनी शोधणं अशक्य. म्हणून आपल्याला ती अशी हवी असते :

{
  "जिल्हा": "पुणे",
  "तालुके": [
    "हवेली",
    "मुळशी",
    "मावळ"
  ]
}

एका ओळीच्या आठ ओळी झाल्या. माहिती तीच. वाढली ती फक्त मोकळी जागा. ज्यांनी मोडी कागद हाताळलेत त्यांना यातली मेख लगेच कळेल. मोडीत आधी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, शब्द सहसा तोडायचे नाहीत. छापताना शब्द तोडावे लागतात, आणि चुकीच्या ठिकाणी तोडला तर अर्थ बदलतो. मोकळी जागा घालणं हे वाटतं तितकं निरुपद्रवी काम नाही. हे लक्षात ठेवा, शेवटाकडे आपण त्याच्याकडे परत येऊ.

कागदी फितीपासून सुरुवात

एडिटरचा इतिहास पडद्याच्या आधी सुरू होतो. १९६२-६३च्या सुमारास एमआयटीमध्ये डॅन मर्फी यांनी टेको नावाचा एडिटर लिहिला. पीडीपी-१ या संगणकासाठी. तेव्हा प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर असायचे, आणि टेको या नावातलं पहिलं अक्षर मुळात 'टेप'चं होतं. म्हणजे 'टेप सुधारणारा'. नंतर फिती गेल्या, तेव्हा त्याच अक्षराचा अर्थ 'टेक्स्ट' असा लावला गेला.

टेकोत मजकूर दिसत नसे. तुम्ही आज्ञा द्यायच्या : इतकी अक्षरं पुढे जा, हे शोध, ते काढ, हे घाल. एकेका अक्षराच्या आज्ञा, एकापाठोपाठ एक. आता गंमत बघा. आज्ञांची अशी माळ झाली, तिला पुनरावृत्ती करता येऊ लागली, अट घालता येऊ लागली, की ती काय झाली? प्रोग्रॅम झाला! टेको एडिटर होताच, पण हळूहळू ती एक प्रोग्रॅमिंगची भाषाही झाली. दिसायला अगम्य. आपलं स्वतःचं नाव टेकोला आज्ञा म्हणून टाइप करायचं आणि काय उत्पात होतो ते बघायचं, असा विनोद त्या पिढीत चालायचा.

१९७० च्या दशकात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पडदे आले. १९७४ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी टेकोत अशी सोय केली की कुठल्याही कळीला आपण लिहिलेला मॅक्रो, म्हणजे आज्ञांची साठवलेली माळ, जोडता येईल. परिणाम काय झाला? प्रयोगशाळेत जो तो आपापले मॅक्रो लिहू लागला. इतका, की एकाच्या टर्मिनलवर दुसऱ्याला काम करता येईना, कारण कळींचे अर्थच वेगळे! मग १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हे विखुरलेले मॅक्रो एकत्र करायला घेतले, पुढे ते काम स्टॉलमन यांनी उचललं, आणि त्यातून ईमॅक्स जन्माला आला. नावाचाच अर्थ 'एडिटरचे मॅक्रो'.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवू. ईमॅक्स कुणी एकाने आखून बांधला नाही. वापरणाऱ्यांनी आपापल्या गरजेपुरत्या जोडलेल्या तुकड्यांतून तो गोळा झाला. आपल्या आजच्या दहा ओळींच्या स्क्रिप्टचे पूर्वज म्हणजे ते तुकडे.

'हे प्रोग्रॅमिंग आहे' असं सांगायचं नाही

१९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी वेगळा ईमॅक्स लिहिला, तो लिस्प भाषेत. टेकोच्या मानाने लिस्प म्हणजे स्वच्छ, शिकण्याजोगी भाषा. त्या ईमॅक्सबद्दल स्टॉलमन यांनी २००२ मध्ये एका भाषणात सांगितलेली हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सचिव, म्हणजे टंकलेखन आणि पत्रव्यवहार बघणारी मंडळी, तो ईमॅक्स वापरू लागली. त्यांच्या हातात एक माहितीपुस्तिका होती. एडिटरमध्ये नवीन आज्ञा कशी घालायची ते त्यात लिहिलं होतं. फक्त एक गोष्ट लिहिली नव्हती, की याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही असं मानणारी ही माणसं न घाबरता नवीन आज्ञा लिहू लागली.

मला विचाराल तर आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. अडथळा बुद्धीचा नव्हता, तो नावाचा होता. आजही कार्यालयात रोज डेटाशी झगडणारी कितीतरी माणसं म्हणतात, 'ते स्क्रिप्ट वगैरे आयटीवाल्यांचं काम'. आणि मग एक कंस शोधण्यात त्यांची दुपार जाते.

दुसरा रस्ता : बाहेरून

ईमॅक्सचा रस्ता म्हणजे एडिटरच्या आतच एक भाषा बसवायची. त्याच काळात बेल लॅब्जमध्ये अगदी वेगळा विचार चालू होता. तिथे युनिक्स तयार होत होतं. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये ईडी नावाचा छोटा एडिटर लिहिला. त्यात भाषा बसवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. युनिक्सची धारणा अशी, की प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करावं आणि प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. डग मॅकिलरॉय ही जोडणीची कल्पना १९६४ पासून मांडत होते; १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती पाइपच्या रूपाने युनिक्समध्ये आणली. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर सरळ दुसऱ्यात. नळाला नळ जोडावा तसा.

मग १९७६ च्या सुमारास बर्कलीमध्ये बिल जॉय यांनी ईएक्स आणि व्हीआय हे एडिटर लिहिले, आणि त्यात एक आज्ञा आली : उद्गारचिन्ह. अर्थ असा, की या ओळी उचल, बाहेरच्या अमुक प्रोग्रॅममध्ये घाल, आणि जे बाहेर पडेल ते याच जागी आणून ठेव. हाच तो दुसरा रस्ता. एडिटरला जेसन म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरजच नाही. त्याने फक्त मजकूर द्यायचा आणि घ्यायचा.

याची खरी ताकद बघा. व्हीआय लिहिला तेव्हा जेसन नव्हतं. एक्सएमएलही नव्हतं. तरीसुद्धा ती आज्ञा आज जशीच्या तशी जेसनवर चालते. पंचवीस वर्षांनी येणाऱ्या डेटासाठी दार आधीच उघडं ठेवलेलं होतं. २००४ मध्ये मॅकवर आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरनेही हीच युक्ती उचलली : निवडलेला मजकूर कुठल्याही भाषेतल्या स्क्रिप्टला द्यायचा, उत्तर निवडीच्या जागी ठेवायचं.

त्यानंतरचे एडिटर या दोन रस्त्यांच्या मिश्रणातून आले. १९९१ मध्ये ब्रॅम मोलेनार यांचा व्हिम, ज्यात पुढे स्वतःची स्क्रिप्टभाषा आली. २००३ मध्ये डॉन हो यांचा नोटपॅड++, ज्याला प्लगिन जोडता येतात. २००८ मध्ये सब्लाइम टेक्स्ट, ज्याचे प्लगिन पायथॉनमध्ये लिहायचे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड, जावास्क्रिप्टच्या जोडण्यांसह.

डेटाला आकार आला

आता डेटाच्या बाजूने बघू. मजकुरात खुणा घालून त्याची रचना सांगायची, ही कल्पना आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास जीएमएल नावाने आली. तिचंच मोठं भावंड एसजीएमएल हे १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि त्याचं सुटसुटीत रूप म्हणजे एक्सएमएल, फेब्रुवारी १९९८. त्यानंतर २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावास्क्रिप्टमध्ये आधीपासून असलेलीच लिहिण्याची पद्धत डेटा पाठवायला वापरायला सुरुवात केली. तिला जेसन नाव मिळालं. २००६ मध्ये तिचं पहिलं अधिकृत वर्णन प्रसिद्ध झालं.

जेसन रस्त्यावरून धावतं ते एका ओळीत, कारण मोकळी जागा पाठवणं म्हणजे फुकटचा भार. माणसासमोर येतं तेव्हा ते उलगडावं लागतं. हे उलगडणं कसं करायचं, हे शास्त्र मात्र जुनं आहे, पुन्हा लिस्पवाल्यांचं. कंसांचे डोंगर त्यांच्याइतके कुणाकडेच नव्हते! नीटस छपाई करणारे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले, आणि १९८० मध्ये डेरेक ऑपेन यांनी त्यावर एक नावाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. कुठे ओळ तोडायची, किती आत सरकायचं, हे एकाच फेरीत कसं ठरवायचं, असा तो विषय.

आपल्या स्क्रिप्टला मात्र फक्त चार पायऱ्या लागतात. एक, निवडलेला मजकूर घ्या. दोन, तो समजून घ्या, म्हणजे कंसांवरून त्याचं झाड तयार करा. तीन, झाड परत मजकूर म्हणून लिहा, दर पायरीला दोन जागा आत सरकत. चार, जुन्या मजकुराच्या जागी नवा ठेवा. पायथॉनमध्ये दोन आणि तीन या पायऱ्यांना एकेकच ओळ लागते. जावास्क्रिप्टमध्ये २००९च्या मानकापासून ही सोय भाषेतच आहे. किती जागा आत सरकायचं तो आकडा द्यायचा, दहापेक्षा जास्त दिला तर दहाच धरला जातो.

एक सूचना. दुसरी पायरी फसली, म्हणजे मजकुरात कुठे स्वल्पविराम राहिला असेल, तर स्क्रिप्टने मजकुराला हात लावू नये. फक्त चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगावं. व्हिममध्ये बाहेरचा प्रोग्रॅम वापरताना सहसा असं होतं, की प्रोग्रॅम चुकीचा संदेश देतो आणि तो संदेशच तुमच्या डेटाच्या जागी येऊन बसतो! एक पाऊल मागे घेतलं की डेटा परत येतो, पण नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो येतोच.

मांडणी की बदल?

आता मोडीच्या मुद्द्याकडे परत येऊ. आपण म्हणालो, मोकळी जागा सोडून काही बदलत नाही. खरंच?

पहिलं उदाहरण एक्सएमएलचं. वाक्याच्या मधला एखादा शब्द ठळक आहे आणि त्याला लागून स्वल्पविराम आहे. मांडणी करणाऱ्याने खुणेनंतर नवी ओळ घातली, तर शब्द आणि स्वल्पविराम यांच्यात मोकळी जागा शिरते. मजकूर बदलला. म्हणूनच इथली जागा जपावी असं सांगणारी खास सूचना एक्सएमएलच्या मानकातच आहे. जेसनमध्ये अवतरणचिन्हांच्या बाहेरच्या जागेला अर्थ नसतो, म्हणून तिथे हा धोका नाही.

पण जेसनचे धोके वेगळे. आपण मजकूर समजून घेऊन परत लिहितो, म्हणजे मध्ये भाषांतर होतं. जावास्क्रिप्ट सगळे आकडे एकाच प्रकारात साठवते आणि त्यात ९००७१९९२५४७४०९९२ या आकड्यापुढचे सगळे पूर्णांक अचूक मावत नाहीत. मूळ डेटात शेवटी ९९३ असेल तर मांडणीनंतर ९९२ दिसेल. कुठलाही इशारा नाही. हा पुस्तकी धोका नव्हे. २०१० मध्ये ट्विटरने आपल्या संदेशांना मोठे क्रमांक द्यायला सुरुवात केली, तेव्हा नेमक्या याच कारणाने प्रत्येक क्रमांक आकडा म्हणून आणि शिवाय अक्षरं म्हणून, असा दोनदा द्यावा लागला. पायथॉन मोठे पूर्णांक सांभाळतो, पण १.१० चं १.१ करून टाकतो. रुपयांच्या हिशेबात चालेल, आवृत्तीच्या क्रमांकात नाही. आणि एकच नाव दोनदा आलं असेल, तर दोन्ही भाषा निमूटपणे शेवटचं ठेवतात, पहिलं टाकतात.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. पायथॉनबरोबर ऑक्टोबर २००८ पासून जेसन मांडणारं एक तयार साधन मिळतं. जगभर वापरलं जातं. त्याला 'पुणे' हा शब्द द्या. तो अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक लिहून देतो : ०९२ए, ०९४१, ०९२३, ०९४७, आणि प्रत्येकाच्या आधी दोन चिन्हं. म्हणजे 'पुणे' या शब्दाची चोवीस अक्षरं होतात. संगणकाच्या लेखी दोन्ही सारखंच. जुन्या यंत्रणांतून डेटा सुखरूप जावा म्हणून ठेवलेली ती खबरदारी आहे, ती मूर्खपणाची नाही. पण आपण तर मांडणी वाचण्यासाठी करत होतो ना? इंग्रजी डेटा मांडल्यावर वाचता येतो, मराठी डेटा मांडल्यावर वाचता येईनासा होतो. फाइलमध्ये 'पुणे' शोधलं तर सापडत नाही.

अक्षरं आहेत तशी ठेव, असं त्या तयार साधनाला सांगायचा पर्याय आला २०२० मध्ये, पायथॉनच्या ३.९ या आवृत्तीत. बारा वर्षांनी. पण ज्याने स्वतःची चार ओळींची स्क्रिप्ट एडिटरला जोडली होती, त्याला वाट बघावी लागली नाही. कारण पायथॉनच्या आत तो पर्याय पहिल्यापासून होता. स्क्रिप्टमध्ये एक शब्द घातला की झालं. नावांचा मूळ क्रम जपण्याचंही तसंच. तयार साधनात तो २०१५ मध्ये, ३.५ या आवृत्तीपासून जपला जाऊ लागला.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. साधन बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर देवनागरी नव्हती. त्यात दुष्टावा नाही. पण तुमची लिपी, तुमचे आकडे, तुमची नड तुम्हालाच आधी कळते. म्हणून साधनाला दार हवं, आणि दाराची किल्ली वापरणाऱ्याकडे हवी.

दार असलं की चोरही येऊ शकतो, हेही सांगितलं पाहिजे. फाइलच्या वरच्या किंवा खालच्या ओळीत एडिटरसाठी सूचना लिहिण्याची सोय व्हिममध्ये आहे. २०१९ मध्ये त्यात अशी फट सापडली की मुद्दाम तयार केलेली फाइल नुसती उघडली तरी तिच्यातली आज्ञा चालेल. ती बुजवली गेली. पण धडा राहिला : कुणाचीही स्क्रिप्ट जोडण्याआधी वाचा. दहा ओळींची असेल तर वाचता येतेच.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न : डेटा चिकटवला की नीट मांडून देणारी संकेतस्थळं फुकट आहेत. मग ही खटपट कशासाठी?

उत्तर : चांगला प्रश्न आहे, कारण बहुतेक जण तेच करतात. फक्त तुम्ही तिथे काय चिकटवताय ते बघा. कार्यालयातला डेटा म्हणजे कुणाची तरी नावं, फोन नंबर, खात्यांचे क्रमांक, आजारांच्या नोंदी, कधी कधी पासवर्डसुद्धा. कंस जुळवून घ्यायला आपण ते अनोळखी माणसाच्या संगणकावर पाठवतो. तिथे त्याचं काय होतं हे आपल्याला दिसत नाही, आणि ज्यांचा तो डेटा आहे त्यांना तर विचारलेलंही नसतं. एडिटरला जोडलेली स्क्रिप्ट डेटा तुमच्या यंत्राबाहेर नेत नाही. आज घरी गेल्यावर एक करून बघा. तुमच्या एडिटरला आपली स्क्रिप्ट जोडायची सोय कुठे आहे ते शोधा, खोटा डेटा घ्या, त्यात 'पुणे' लिहा, एक सोळा आकडी संख्या लिहा, एक १.१० लिहा. मांडणी करा, आणि तिन्ही गोष्टी जशाच्या तशा राहिल्या का ते तपासा. राहिल्या नाहीत, तर काय बदलायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.